रुमालाखाली

सांगलीच्या हळद पेठेत पूर्वी
रुमालाखाली सौदा व्हायचा.
अडत्या आणि व्यापारी बोटं दाबायचे,
आणि हळद ज्याची, तो बाजूला उभा राहून
दोघांच्या तोंडाकडं बघायचा.
वडील हमाल होते तिथं. म्हणायचे,
भाव कळायचा नाही,
रुमाल किती वेळ हलला, तेवढं दिसायचं.

मला हे मिरजेत आठवलं,
एसी हॉलमध्ये, करारावर सह्या होताना.
छत्तीस पानं. मी मागच्या खुर्चीत,
पिशवीत सुया, कापूस, रबरी पट्टा.

मग दोन वर्षं सावळजच्या बाजूला फिरले.
द्राक्षाचे घड मगात बुडवणाऱ्या बायका,
सहाशे बारा.
प्रत्येकीच्या तीन नळ्या.
शीर सापडत नसेल तर हात आधी कोमट पाण्यात धरायचे.
हे प्रोटोकॉलमध्ये नव्हतं.

संमतीपत्र मराठीत होतं,
म्हणजे अक्षरं मराठी होती.
'सदर जैविक नमुन्यांचे भविष्यकालीन उपयोजन'
म्हणजे काय गं, इंदुबाई मासाळनं विचारलं.
मी म्हणाले, रक्त तपासायला नेणार.
पुढचं मलाच माहीत नव्हतं.
तिनं सही केली, एकेक अक्षर
बांधावरून तोल सांभाळत चालल्यासारखं.

तिसऱ्या फेरीला बागा तोडणीला आलेल्या.
चाळीसजणी भेटल्याच नाहीत.
कुंभोजकर सरांचा फोन:
रकाना रिकामा तिकडं चालत नाही,
मागच्याच आकड्यात थोडं इकडंतिकडं करा.
मी सात रकाने भरले.
सात. हे इथं लिहून ठेवते.
आठवं नाव शेवंता हजारे.
तिच्या दहाव्याला मी स्वतः जाऊन आले होते
आणि तिचा रक्तदाब
एकशे अठरा लिहायला निघाले होते.

पेन खाली ठेवलं. चहा गार झाला.
मग सातही आकडे खोडले,
भेट झाली नाही,
भेट झाली नाही,
आठव्यापुढं : मयत.
पुढच्या महिन्यापासून माझी नेमणूक
'विचाराधीन' आहे.

नळ्या कोरड्या बर्फात बसून विमानानं गेल्या.
इंदुबाई कोल्हापूरच्या पुढं गेलेली नाही,
तिचं रक्त उणे ऐंशीत आहे,
मला ज्याचं नाव उच्चारता येत नाही त्या गावात.

निबंध आला. चौदा नावं.
सावळज त्यात नाही,
'पश्चिम भारतातील एक निमशुष्क जिल्हा' आहे.
तळाशी बारीक टायपात
स्थानिक चमूचे आभार.
पुढचं पान उघडायला डॉलर मागत होतं,
हिशेब केला,
इंदुबाईची नऊ दिवसांची मजुरी.

तिच्याकडं गेले.
ती पोत्यावर बसून हात चोळत होती,
नखांच्या कडा हिरवट.
"काय घावलं गं माझ्या रगतात?"
म्हटलं, सगळ्यांची मिळून सरासरी दिलीय,
एकटीचं सांगत नाहीत.
"आगं, पर खाज तर एकटीलाच सुटती की."
मी खाली बघत राहिले.
"तुझं तरी नाव हाय का त्यात?"
न्हाई.
ती पोत्यावर जरा सरकली,
मला बसायला जागा झाली.

परवा नव्या प्रकल्पाची बैठक होती, लॅपटॉपवर.
मला बोलावलं, कारण
घरं मलाच माहीत आहेत.
पडद्यावर नऊ चौकोन, एकात मागं बर्फ पडताना.
शेवटी म्हणाले, काही शंका?
मी विचारलं,
नळ्या कुठं राहणार,
आणि काय सापडलं ते आधी कुणाला कळणार?

कुणी चष्मा पुसला.
कुंभोजकर सर म्हणाले,
ताई, तुमचा आवाज तुटतोय.

तुटत नव्हता.
मी टॉवरखालीच बसले होते.
पुन्हा विचारलं.